समुद्रकाठची छोटी वसाहत : परवानगी कुणाची आणि किती भरवशाची?

वसईच्या किनारपट्टीवरील आपल्या गावांमध्ये वाडीची वाटणी हा आता केवळ घरगुती प्रश्न राहिलेला नाही. आजोबांच्या नावावर असलेल्या एका एकराच्या वाडीला आज चार-पाच, कधी त्याहून अधिक वारस असतात. प्रत्येकाला आपल्या वाट्याच्या जागेत स्वतंत्र घर हवे असते. काही कुटुंबे वाडीचे प्लॉट पाडून दोन-तीन आप्तांसाठी ठेवावेत आणि उरलेले विकून घरबांधणीचा खर्च भागवावा, असा विचार करतात. हा विचार गैर नाही. पिढ्यानपिढ्या ज्या भूमीवर केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवला, त्याच भूमीवर आपल्या मुलाबाळांनी राहावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. तथापि ही भूमी समुद्राच्या किंवा खाडीच्या लगत असेल, तर कागदावर चार रेषा मारण्यापूर्वी जी परवानगी लागते, तिचे स्वरूप आपल्या अनेक बांधवांना नीट ठाऊक नसते. त्याची किंमत पुढील पिढीला मोजावी लागू शकते.

या विषयाचा येथे सविस्तर परामर्श घ्यावा, असे आम्हांला वाटते. कारण परवानगी मिळालेली असूनही घर जाऊ शकते, हे आपल्याच देशात घडून गेले आहे.

मरडूचा धडा

केरळ राज्यातील कोची शहरालगत मरडू नावाचे गाव आहे. २००६ साली तेथील ग्रामपंचायतीने बॅकवॉटरच्या काठी काही बहुमजली इमारतींना बांधकाम परवाने दिले. परवान्यांवर पंचायतीची सही होती, शिक्का होता. त्यांच्या भरवशावर इमारती उभ्या राहिल्या आणि लोकांनी आयुष्यभराची पुंजी ओतून सदनिका घेतल्या. परंतु ती जागा किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सी.आर.झेड.च्या, तिसऱ्या वर्गात मोडत होती. तेथे बांधकामासाठी केरळच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची संमती आवश्यक होती. ती घेतलीच गेली नव्हती.

प्रकरण अनेक वर्षे न्यायालयांत फिरत राहिले. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चार गृहसंकुले स्फोटकांनी जमीनदोस्त करण्यात आली. तीनशेहून अधिक सदनिका गेल्या. न्यायालयाने प्रत्येक सदनिकाधारकाला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्यास सांगितले. परंतु घर गमावण्याचे दुःख पैशाने भरून निघत नाही. यातील बहुतेक रहिवाशांनी कोणतीही लबाडी केली नव्हती. स्थानिक संस्थेचा परवाना म्हणजेच कायद्याची संपूर्ण संमती, असे त्यांनी गृहीत धरले होते, आणि तेथेच घात झाला.

मरडूच्या इमारती मोठ्या होत्या, आमची तर चार घरांची छोटी वसाहत, असे कोणी म्हणेल. पण कायद्यातील भरतीरेषा मोठे आणि छोटे असा भेद करीत नाही. किंबहुना छोट्या माणसाजवळ दहा वर्षे वकील ठेवण्याची ऐपत नसते, म्हणून त्याने तर अधिकच सावध राहावयास हवे.

किनाऱ्याचा कायदा कसा घडला

नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मुक्त ठेवण्याची सूचना केली. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सी.आर.झेड.ची पहिली अधिसूचना निघाली. तिची जागा ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने घेतली आणि नंतर १८ जानेवारी २०१९ रोजी तिसरी अधिसूचना आली.

या अधिसूचनांचा गाभा असा : समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीच्या दिशेने ५०० मीटरचा पट्टा हा नियमनाखालील पट्टा होय. खाडीकाठी हे अंतर २०११ च्या नियमांनुसार १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल ते होते. २०१९ मध्ये १०० च्या जागी ५० मीटर आले. तिवरांची वने, वाळूच्या टेकड्या इत्यादी अतिसंवेदनशील जागा पहिल्या वर्गात येतात. भरपूर बांधकाम झालेला शहरी भाग दुसऱ्या वर्गात, आणि ग्रामीण वा विरळ वस्तीचा भाग तिसऱ्या वर्गात मोडतो. समुद्र व खाडीचे पाणी चौथ्या वर्गात येते.

तिसऱ्या वर्गात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत 'ना विकास क्षेत्र' असे. २०१९ च्या अधिसूचनेने या वर्गाचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार जेथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक आहे, तेथे हे क्षेत्र ५० मीटरवर आणले. इतरत्र ते २०० मीटरच राहिले. मात्र ही सवलत आपोआप लागू होत नाही. नव्या नियमांप्रमाणे तयार केलेला किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा लोकांशी विचारविनिमय करून, केंद्राकडून मंजूर व्हावा लागतो. तो होईपर्यंत जुने नियम व जुने नकाशेच लागू राहतात. म्हणून "आता पन्नास मीटरच झाले" असे ऐकताच हुरळून न जाता, आपल्या सर्व्हे नंबरापुरता कोणता नकाशा अमलात आहे, हे आधी लेखी विचारावे.

दोन 'दोनशे मीटर'

येथे एका गोंधळाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड घालून गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, आराखड्यात तिचा बिनशेती वापर दर्शविला असल्यास, ठरलेली रक्कम भरून बिनशेती समजली जाईल अशी सोय करण्यात आली. त्यामुळे "गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत आहोत, काळजी नाही" असा समज अनेकांनी करून घेतला. परंतु गावठाणापासूनचे २०० मीटर आणि भरतीरेषेपासूनचे २०० मीटर या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिले अंतर दार उघडते, तर दुसरे बंद करते. किनाऱ्यावरच्या गावात एकच वाडी या दोन्ही अंतरांच्या आत असू शकते. अशा वेळी महसूल खात्याची सोय केंद्राच्या पर्यावरण कायद्यावर मात करू शकत नाही.

तुकडेबंदीचेही तसेच आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये राज्यात जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरविण्यात आले. २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी नागरी भागातील छोट्या तुकड्यांबाबत हा कायदा शिथिल करण्याची घोषणा विधिमंडळात केली, तेव्हा पुष्कळांना दिलासा वाटला. या शिथिलतेने छोट्या तुकड्याच्या व्यवहाराची अडचण दूर होऊ शकते. त्या तुकड्यावर घर बांधण्याचा हक्क मात्र तिने मिळत नाही. दुय्यम निबंधकाने खरेदीखत नोंदवले म्हणजे नगररचना खात्याने अभिन्यास, म्हणजे ले-आऊट, मंजूर केला असे होत नाही. आणि ले-आऊट मंजूर झाला म्हणजे किनारा प्राधिकरणाने मान्यता दिली असेही होत नाही.

योग्य क्रम कोणता?

आमच्या मते या सर्व गुंत्यातून बाहेर पडण्याची गुरुकिल्ली क्रमात आहे. आपल्याकडे सहसा आधी प्लॉट पाडले जातात, मग गिऱ्हाईक शोधले जाते, मग विसार घेतला जातो आणि शेवटी परवानगीची आठवण होते. क्रम नेमका उलटा हवा.

पहिली पायरी मालकीची. सातबारा, आठ-अ आणि सर्व फेरफार काढून वारसांची नावे पूर्ण आहेत की नाहीत ते पाहावे. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीला न विचारता केलेली वाटणी कायद्यापुढे टिकत नाही, आणि घरातील शांतीही टिकवीत नाही. जमीन कूळकायद्याने मिळालेली असेल तर तिच्या विक्रीवर कोणत्या अटी आहेत, तेही तपासावे. आदिवासी बांधवाची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. हे संरक्षण संहितेच्या कलम ३६-अ मध्ये आहे आणि ते डावलून कुणी घर बांधू नये.

दुसरी पायरी मोजणीची. भूमी अभिलेख कार्यालयाकडून अधिकृत मोजणी करून हद्दी कायम केल्याशिवाय पुढचे सारे नकाशे हवेतच राहतात.

तिसरी पायरी भरतीरेषेची, आणि हीच बहुधा वगळली जाते. १:४००० प्रमाणाच्या किनारा नकाशावर आपला सर्व्हे नंबर बसवून घ्यावा लागतो. हे काम गावच्या खासगी ड्राफ्ट्समनचे नव्हे. त्यासाठी शासनमान्य संस्था ठरलेल्या आहेत, उदाहरणार्थ चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील दूरसंवेदन संस्था. या नकाशाने वाडीचा कोणता भाग कोणत्या वर्गात येतो, ना विकास क्षेत्र कोठे संपते आणि जवळ तिवरे आहेत काय, हे स्पष्ट होते. तिवरांच्या भोवतीच्या ५० मीटरांत बांधकामाला बंदी आहे; मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकालाने तसे बजावले आहे.

चौथी पायरी विकास आराखड्याची. जमीन निवासी विभागात आहे की हरित विभागात, तिच्यावर रस्त्याचे वा अन्य आरक्षण आहे काय, याचा झोन दाखला घ्यावा. त्यानंतरच ले-आऊट आखावा. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. म्हणजे पूर्ण एकराची वाडी असेल तर सुमारे चार गुंठे मोकळ्या जागेत जातील, शिवाय अंतर्गत रस्ता वेगळा. वारसांनी चाळीस गुंठ्यांचा भागाकार करून वाटे ठरवले असतील, तर येथे हिशेब चुकतो आणि भावाभावांत वितुष्ट येते. हे गणित आधी मांडावे.

या पायऱ्या पार केल्यावरच ले-आऊटची अंतिम मंजुरी, बिनशेतीची पूर्तता आणि बांधकाम परवाना यांना अर्थ येतो. प्लॉट विकावयाचे असतील तर २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, प्लॉटच्या योजनांनाही लागू होतो हे लक्षात ठेवावे. त्यातील ५०० चौरस मीटरची मर्यादा जेमतेम पाच गुंठ्यांची आहे.

घर की व्यापार?

कायद्याने एक महत्त्वाचा भेद केलेला आहे व तो आपल्या हिताचा आहे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्वतःच्या राहण्यासाठी ३०० चौरस मीटरपर्यंतचे एकूण बांधकाम असेल, तर किनारा प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. स्थानिक प्राधिकरणच सी.आर.झेड.चे नियम तपासून मंजुरी देऊ शकते. तिसऱ्या वर्गात ना विकास क्षेत्राच्या पलीकडे, कोळीवाडे व गावठाणे यांच्या परंपरागत हक्कांच्या चौकटीत, दोन मजल्यांची व नऊ मीटर उंचीपर्यंतची घरे बांधता येतात. २०११ च्या अधिसूचनेतही मच्छीमार व अन्य परंपरागत किनारी समाजांच्या घरांसाठी १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात, राज्याने सर्वंकष आराखडा करून केंद्राची मंजुरी घेतल्यास, वाव ठेवलेला होता.

या सवलती येथे राहणाऱ्या माणसासाठी आहेत. बाहेरच्या गिऱ्हाइकाला शनिवार-रविवारचा बंगला विकण्यासाठी त्यांचा आधार घेणे म्हणजे आपल्याच हक्काची विक्री करणे होय. एका कुटुंबाने सवलतीचा गैरवापर केला की अधिकारी पुढील दहा कुटुंबांकडे संशयाने पाहतात. भुईगाव, रानगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा अशा गावांतील कोळी, वाडवळ, सामवेदी बांधवांनी हा भेद मनाशी पक्का धरावा, अशी आमची विनंती आहे.

वसईची विशेष जबाबदारी

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत बिल्डर व टँकरवाल्यांच्या विरोधात 'हरित वसई'चे आंदोलन उभे राहिले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली सर्व धर्मांचे वसईकर त्यात उतरले होते. त्या आंदोलनाची मागणी माणसांनी येथे राहू नये अशी नव्हती; पाणी, शेती आणि वस्ती यांचा तोल सांभाळला जावा, अशी होती. त्यानंतर सिडकोकडे नियोजन गेले, २००७ मध्ये विकास आराखडा मंजूर झाला, २००९ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली, गावे वगळण्याचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक बदलासरशी सामान्य माणसाला नव्या कार्यालयाचा उंबरठा झिजवावा लागला. आपला अर्ज नेमका कोणाच्या टेबलावर आहे हेच कळेनासे झाले की मनुष्य दलालाकडे वळतो, आणि दलाल त्याला सोपी पण खोटी वाट दाखवितो.

या खोट्या वाटेचा शेवट आपण पाहिला आहे. नालासोपारा पूर्वेला आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या आरंभापर्यंत पाडल्या गेल्या आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. ती जागा किनाऱ्याची नव्हती, परंतु फसवणुकीची रीत तीच होती.

शिवाय निसर्गाचाही एक परवाना असतो. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होते. बावखले बुजवली, खाडीकडे जाणारे नाले अडवले, सखल जमिनीवर भराव घातला, की पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरते. २०१९ च्या अधिसूचनेत किनाऱ्याची 'धोकारेषा' आपत्ती व्यवस्थापनासाठी दिलेली आहे. तिच्यामुळे बांधकामाला कायद्याने बंदी येत नाही. परंतु ज्या घरात आपली नातवंडे वाढणार आहेत, ते या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

शासनाने काय करावे

सर्व भार नागरिकावर टाकून आम्ही हा विषय संपवू इच्छित नाही. किनारा प्राधिकरणाने परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय करावा, असे अधिसूचनाच सांगते. प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्येही ६० दिवसांची मुदत आहे. पण 'परिपूर्ण' या एका शब्दाच्या आधारे छोट्या अर्जदाराला पुनःपुन्हा परत पाठविता येते. एका वेळी एक त्रुटी काढायची, ती पुरी झाली की दुसरी सांगायची, हा प्रकार थांबला पाहिजे. सर्व त्रुटी एकाच पत्राने, मराठीत कळवाव्यात.

मंजूर किनारा नकाशे सर्व्हे नंबरनिहाय प्रत्येक तलाठी कार्यालयात आणि प्रभाग कार्यालयात मराठी सूचीसह लावावेत. तीन-चार घरांच्या कुटुंबाला भरतीरेषेचा नकाशा काढण्याचा खर्च झेपत नाही. एका गावाचे नकाशे शासनाने एकदाच काढून दिले तर शेकडो कुटुंबांचा खर्च वाचेल. आणि जेथे वस्ती वाढलेली असूनही गावठाणाची हद्द जुनीच राहिली आहे, तेथे गावठाण विस्ताराचा प्रश्न मार्गी लावावा. न्याय्य मार्ग इतका अरुंद असू नये, की प्रामाणिक माणूस त्यात अडकावा आणि अप्रामाणिक माणूस बाजूने निघून जावा.

आपल्या बाजूने काही गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत. किनारा आराखड्याचा प्रारूप मसुदा जाहीर होतो, तेव्हा हरकती घेण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. गावातील जुन्या वस्त्या, होड्या ओढण्याच्या व मासळी सुकवण्याच्या जागा त्या नकाशावर आल्या आहेत का, हे गावकऱ्यांनी एकत्र बसून पाहावे. धर्मग्रामातील वकील, वास्तुविशारद व निवृत्त महसूल कर्मचारी यांनी महिन्यातून एकदा लोकांची कागदपत्रे तपासून दिली, तरी अनेक कुटुंबे वाचतील. आणि ज्यांच्या घरी या वर्षी वाटणीचा विषय निघाला आहे त्यांनी, आमचे एवढेच सांगणे आहे, की भरतीरेषेचा नकाशा हातात येईपर्यंत कोणाकडूनही विसार घेऊ नये.